रिअल क्रिकेट: पुण्यात बनलेला हा गेम कुठे सिक्सर मारतो आणि कुठे आउट होतो?

'रिअल क्रिकेट २०' या मोबाइल गेममध्ये मैदान निवडायची यादी उघडली की मुंबई, कोलकाता, मेलबर्न, लंडन, केप टाउन, दुबई, वेलिंग्टन अशी नावं दिसतात. क्रिकेटचा गेम म्हटल्यावर ही नावं असणारच. पण त्याच यादीत पुणेही आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू नसताना पुणे कसं काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर सोपं आहे. हा गेम बनवणारी कंपनी पुण्याची आहे.

कंपनीचं नाव नॉटिलस मोबाइल. अनुज मानकर यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली आणि तिने एकच गोष्ट धरून ठेवली, ती म्हणजे मोबाइलवरचं क्रिकेट. रिअल क्रिकेटच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मिळून २५ कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झाल्याचं कंपनीकडून सांगितलं जातं. मार्च २०२५ मध्ये 'बीजीएमआय' म्हणजेच भारतातल्या पबजीची मालक असलेल्या क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने सुमारे १.४ कोटी डॉलर, म्हणजे अंदाजे ११८ कोटी रुपये मोजून नॉटिलसमधला नियंत्रक हिस्सा घेतला.

एवढा खेळला जाणारा गेम चांगला आहे का? हा प्रश्न कोणत्याही खेळाडूला विचारला तर उत्तर साधारण एकाच सुरात येतं. 'भारी आहे, पण...' आणि मग त्या 'पण'नंतर दहा मिनिटं तक्रारी. गंमत म्हणजे या गेमच्या जमेच्या बाजू आणि त्याच्या त्रुटी बहुतेक एकाच निर्णयातून आल्या आहेत. हा गेम साध्या फोनवर, फुकट आणि पाच मिनिटांत खेळता यायला हवा, असं त्याच्या निर्मात्यांनी ठरवलं. तिथून पुढचं सगळं घडत गेलं.

आधी थोडा इतिहास

नव्वदच्या दशकाच्या शेवटी किंवा दोन हजारच्या सुरुवातीला जन्मलेल्यांना 'ईए क्रिकेट ०७' सांगायची गरज नाही. सायबर कॅफेत, हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर, मित्राच्या घरी पेन ड्राइव्हमधून आलेला तो गेम. कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने तो बनवला होता आणि २००६ च्या शेवटी तो बाजारात आला. त्यानंतर ईए स्पोर्ट्सने क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही. फुटबॉलचा फिफा दरवर्षी येत राहिला आणि क्रिकेटवाले मात्र एकाच जुन्या गेममध्ये नव्या जर्सी, नवे खेळाडू, नवी मैदानं स्वतःच घालत बसले. चाहत्यांनी बनवलेल्या या पॅचवर तो गेम पुढे कित्येक वर्षं जगला.

क्रिकेटचा गेम काढणं किती अवघड असू शकतं, याचा एक किस्सा २०१३ चा आहे. त्या वर्षीच्या अॅशेसच्या मुहूर्तावर 'अॅशेस क्रिकेट २०१३' नावाचा अधिकृत गेम येणार होता. तो सारखा पुढे ढकलला गेला. शेवटी नोव्हेंबरमध्ये कॉम्प्युटरवर आला तेव्हा फलंदाज, चेंडू, क्षेत्ररक्षक यांचा एकमेकांशी काही संबंधच उरलेला नव्हता. काही दिवसांतच तो विक्रीतून मागे घेतला गेला आणि घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले.

मोठ्या कंपन्यांनी सोडलेली ही जागा मोबाइलवर भारतीय कंपन्यांनी भरली. चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह मल्टिमीडियाने 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप', म्हणजेच डब्ल्यूसीसी आणला. पुण्यातून रिअल क्रिकेट आला. पुण्याच्याच जेटसिंथेसिस कंपनीने २०१७ मध्ये सचिन तेंडुलकरच्या नावाने 'सचिन सागा' काढला. पुढे २०२० मध्ये याच जेटसिंथेसिसने नॉटिलस विकत घेतली, २०२२ मध्ये क्राफ्टनने तिच्यात ५४ लाख डॉलरची गुंतवणूक केली आणि २०२५ मध्ये सूत्रं क्राफ्टनकडे गेली.

पुण्यात गेमिंगची हवा याआधीपासून आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे आणि 'इंडस' हा बॅटल रोयाल गेम बनवणारी सुपरगेमिंगही इथलीच. हिंजवडी-बाणेर म्हटलं की फक्त आयटी सर्व्हिस आठवणाऱ्यांना हे बऱ्याचदा माहीत नसतं.

जमेची बाजू: दोन अंगठ्यांत मावलेलं क्रिकेट

क्रिकेट हा मुळात मोबाइलला न शोभणारा खेळ आहे. एका बाजूचे ११ खेळाडू मैदानात, दोन फलंदाज, चेंडू कुठेही जाऊ शकतो, एकच फटका दहा प्रकारे मारता येतो आणि खेळणाऱ्याकडे आहेत फक्त दोन अंगठे. रिअल क्रिकेटने यावर काढलेला मार्ग समजायला सोपा आहे. डाव्या अंगठ्याने दिशा, उजव्या अंगठ्याने फटका. गोलंदाजी करताना टप्पा कुठे टाकायचा ती जागा निवडायची आणि मीटर योग्य ठिकाणी आला की थांबवायचा. क्षेत्ररक्षण बहुतेक कॉम्प्युटरच सांभाळतो. कधीही क्रिकेटचा गेम न खेळलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या षटकात स्थिरावतो. चांगल्या स्पोर्ट्स गेमची पहिली परीक्षा हीच असते आणि रिअल क्रिकेट ती पास होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फलंदाजांमधला फरक. '२०' या आवृत्तीत फलंदाजांचे चार प्रकार केले गेले: बचावात्मक, संतुलित, चौकटीबाहेरचे फटके खेळणारा आणि निव्वळ ताकदीने मारणारा. त्यामुळे आठव्या क्रमांकाचा फलंदाज आणि सलामीवीर यांच्या हातात एकच फटका एकसारखा दिसत नाही. ऐकायला ही लहान गोष्ट वाटते. पण जुन्या मोबाइल गेममध्ये जसप्रीत बुमराहच्या हातात बॅट दिली तरी तो कव्हर ड्राइव्ह विराट कोहलीसारखाच मारायचा, हे आठवलं की फरक कळतो.

टीव्हीवरच्या सामन्याचं वातावरण उभं करण्यातही हा गेम पुढे आहे. अल्ट्राएजचा आलेख, हॉटस्पॉट, रात्रीच्या दिव्यांखाली गुलाबी चेंडूची कसोटी, इंग्रजी आणि हिंदी कॉमेंट्री, त्यात महिला समालोचकाचा आवाज. '२२' मध्ये खऱ्या माणसांच्या हालचाली टिपून त्यांवरून खेळाडूंच्या हालचाली बनवायचं तंत्र आलं आणि फलंदाजाचं शरीर पहिल्यांदा लाकडी वाटेनासं झालं. 'चॅलेंज' प्रकारात जुन्या गाजलेल्या सामन्यांचा शेवटचा टप्पा आपल्या हाताने खेळता येतो. ज्या सामन्यात आपला संघ हरल्याने रात्रभर झोप लागली नव्हती, तो जिंकून घ्यायचं समाधान वेगळंच.

आणि हे सगळं मिळतं कशावर? दहा-बारा हजारांच्या फोनवर. ज्यांच्या फोनमध्ये तेवढीही जागा नाही त्यांच्यासाठी कंपनीने 'रिअल क्रिकेट गो' नावाची हलकी आवृत्ती काढली. याउलट कन्सोलवरचा क्रिकेट गेम खेळायचा तर आधी कन्सोल घ्यायला हवा, मग काही हजार रुपयांचा गेम. भारतात कन्सोल असलेली घरं मोजकी आणि स्मार्टफोन जवळपास घराघरात. त्यामुळे 'ग्राफिक्स प्लेस्टेशनसारखे नाहीत' ही तक्रार खरी असली तरी तिला फारसा अर्थ नाही.

चेंडू बॅटच्या आरपार का जातो?

आता तक्रारींकडे. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'टायमिंग बरोबर होतं, तरी आउट'. किंवा चेंडू बॅटमधून जातो आणि मागे दांडी उडते. खेळणारा म्हणतो, गेमने फसवलं. इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे.

ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. मोबाइलच्या पडद्यावर चित्रं एकामागून एक येतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या फोनवर दोन चित्रांमध्ये चेंडू साधारण ६५ सेंटीमीटर पुढे सरकतो. स्वस्त फोन तापला आणि वेग ३० चित्रांवर आला की हेच अंतर सव्वा मीटरच्या वर जातं. बॅटची रुंदी नियमाने जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर आणि जाडी त्याहून कमी. म्हणजे एका चित्रात चेंडू बॅटच्या पुढे, दुसऱ्या चित्रात मागे. मधल्या क्षणी बॅटला तो लागला की नाही, हे डोळ्यांना दिसतच नाही.

त्यामुळे कुठल्याही क्रिकेट गेमला चेंडूचा मार्ग दोन चित्रांच्या मधल्या जागेतही मोजावा लागतो किंवा सरळ मार्ग घ्यावा लागतो: बटण कधी दाबलं यावरून फटक्याचा निकाल आधीच ठरवायचा आणि मग त्याला साजेशी हालचाल दाखवायची. फोनवर बॅटरी, उष्णता, प्रोसेसर यांची मर्यादा असल्याने दुसरा मार्ग आकर्षक ठरतो. त्याची किंमत म्हणजे ठरलेला निकाल आणि दिसणारी हालचाल कधीकधी जुळत नाहीत. बॅट चेंडूला नीट लागलेली दिसते आणि कॉमेंटेटर 'क्लीन बोल्ड' ओरडतो.

ऑनलाइन खेळताना हे दुखणं वाढतं. पुण्यातला एक आणि पाटण्यातला एक असे दोघं समोरासमोर खेळत असतील आणि मोबाइल इंटरनेटमुळे एक दशांश सेकंदाचा उशीर होत असेल, तर तेवढ्या वेळात चेंडू जवळपास चार मीटर पुढे गेलेला असतो. गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोचायला त्याला मुळात अर्धा सेकंद लागतो. त्यातला पाचवा हिस्सा नेटवर्कनेच खाल्ला! असे गेम सहसा फलंदाजाचं टायमिंग त्याच्याच फोनवर मोजतात आणि फक्त निकाल समोरच्याला पाठवतात. तरीही नेटवर्क डळमळलं की सामना तुटतो. यात कंपनीचा दोष किती आणि मोबाइल टॉवरचा किती, हे खेळणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शिव्या मात्र गेमलाच बसतात.

क्षेत्ररक्षणाची त्रुटी मात्र कुणाच्या टॉवरवर ढकलता येत नाही. ते कॉम्प्युटरकडे दिल्यामुळे खेळ सोपा झाला, पण क्रिकेटमधला एक मोठा भाग खेळणाऱ्याच्या हातातून गेला. चेंडू दोन हात लांबून जातो आणि क्षेत्ररक्षक ठरलेल्या चालीने, निवांत वळून मग धावतो. कधी सीमारेषेवर अशक्य झेल घेतो, कधी हातातला सोडतो. आपण काही केलं म्हणून हे घडलं असं वाटत नाही. हरण्याचा राग येतो तो इथे. आपल्या चुकीने हरलेला माणूस पुन्हा खेळतो. गेमच्या लहरीने हरलेला फोन बाजूला ठेवतो.

गहुंज्याचं मैदान आहे, खेळपट्टी नाही

पुण्याच्या मैदानाचीच गोष्ट घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचं गहुंज्याचं हे स्टेडियम क्रिकेटविश्वात खेळपट्टीसाठी ओळखलं जातं. फेब्रुवारी २०१७ मध्ये इथे झालेल्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाने भारताला ३३३ धावांनी हरवलं. भारताचे दोन्ही डाव १०५ आणि १०७ मध्ये आटोपले. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले. आयसीसीने त्या खेळपट्टीला 'खराब' असा शेरा दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा तेच. मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले, न्यूझीलंड ११३ धावांनी जिंकलं आणि २०१२ पासून घरच्या मैदानावर एकही कसोटी मालिका न हरण्याची भारताची परंपरा पुण्यात तुटली.

हे क्रिकेट रिअल क्रिकेटमध्ये खेळता येतं का? नाही. स्टेडियमचा आकार आहे, प्रेक्षक आहेत. पण चेंडू तिसऱ्या दिवशी अचानक खाली राहणं, त्याच टप्प्यावरून एक वळणं आणि एक सरळ येणं, फलंदाजाच्या मनात त्यामुळे शंका बसणं, हे नाही. दुसऱ्या डावात स्टीव्ह स्मिथने त्याच पुण्यात शतक काढलं, झेल सुटत असताना, दर चेंडूला बचाव करत. मोबाइलवर बचाव करून शतक काढणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. एका षटकात तीन सिक्सर सहज जात असतील तर चेंडू सोडणार कोण?

कसोटी हा या गेमचा सगळ्यात कमकुवत भाग आहे आणि तो तसा असण्याचं कारण सुरुवातीच्या निर्णयातच आहे. लोकलमध्ये, बसस्टॉपवर, लेक्चरच्या मागच्या बाकावर खेळायच्या गेममध्ये दोन षटकांचा सामना राजा असतो. त्यासाठी फटके सोपे हवेत. फटके सोपे केले की गोलंदाज मेला. अवघड पातळी निवडली तर कॉम्प्युटर हुशार होण्याऐवजी टायमिंगची वेळ आखडते आणि समोरचा संघ अविश्वसनीय वेगाने धावा काढू लागतो. शिवाय ठरावीक चेंडूवर ठरावीक फटका एकदा सापडला की तो दर वेळी सिक्सरला जातो. यूट्यूबवर असे 'ट्रिक' सांगणारे मराठी-हिंदी व्हिडिओ ढिगाने आहेत. गेम खेळणारा महिन्याभरात या टप्प्यावर पोचतो आणि मग त्याच कॉमेंट्रीची तीच वाक्यं टोचू लागतात.

कोहलीचं नाव का नाही?

नवख्या खेळाडूला सगळ्यात आधी खटकते ती नावं. आयपीएलच्या जागी 'आरसीपीएल'. भारतीय संघात चेहरा ओळखीचा, जर्सी नंबर ओळखीचा, पण नावात एखाद-दुसरं अक्षर इकडचं तिकडे. ही चूक नाही. हक्कांचा मामला आहे आणि तो समजून घ्यायचा तर मेलबर्नला जावं लागतं.

मेलबर्नमध्ये दोन खेळ एकाच मैदानावर नांदतात. उन्हाळ्यात एमसीजीवर क्रिकेट, हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, एका बाजूला १८ खेळाडू, पायाने आणि मुठीने पास. जगात हा खेळ जवळपास फक्त ऑस्ट्रेलियात खेळला जातो, तरी त्याचे व्हिडिओ गेम बऱ्याच वर्षांपासून निघत आहेत. १९९१ मध्ये असा एक गेम बनवणाऱ्या मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने पुढच्याच वर्षी त्याच यंत्रासाठी क्रिकेटचा गेम काढला होता. आज हीच जोडी मेलबर्नचाच बिग अँट स्टुडिओज सांभाळतो. 'क्रिकेट २४' त्यांचा आणि 'एएफएल २३' हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा गेमही त्यांचाच.

एएफएलच्या गेममध्ये अठराही क्लब खऱ्या नावाने, खऱ्या जर्सीत, खऱ्या खेळाडूंसह असतात. लीग एक, खेळाडूंची संघटना एक, करार झाला की सगळं आलं. प्रेक्षक लहान, पण हक्क एका जागी. आणि तरीही २०२३ मध्ये तो गेम आला तेव्हा चाहते वैतागलेच. एक्सबॉक्सवर तो उशिरा आला, अडकणं आणि बंद पडणं होतंच, कॉम्प्युटरचे खेळाडू भलतीकडे धावायचे. ३६ जणांना एका मोकळ्या मैदानात शहाणपणाने धावायला लावणं हा प्रश्न नाव विकत घेऊन सुटत नाही. रिअल क्रिकेटमधल्या क्षेत्ररक्षकांची तक्रार आणि ही तक्रार सख्ख्या बहिणी आहेत.

भारतात नेमकं उलटं आहे. प्रेक्षक अफाट, पण हक्क विखुरलेले. राष्ट्रीय संघाचं नाव आणि चिन्ह बीसीसीआयकडे, आयपीएल संघांची चिन्हं त्या त्या मालकांकडे, खेळाडूचा चेहरा आणि नाव त्याच्या स्वतःच्या व्यवस्थापकाकडे. इतर बऱ्याच क्रिकेट देशांत सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या संघटना आहेत आणि त्यांचा जागतिक महासंघही आहे. भारतात २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंसाठी आहे. त्यामुळे 'रिअल क्रिकेट २४' साठी नॉटिलसने खेळाडूंचे हक्क एकत्र सांभाळणाऱ्या विनर्स अलायन्समार्फत करार केला तेव्हा अनेक परदेशी खेळाडू खऱ्या नावाने आले, भारतीय मात्र त्या वाटेने येऊ शकले नाहीत. पुण्यात बनलेल्या गेममध्ये परदेशी कर्णधाराचं नाव बरोबर आणि भारतीय कर्णधाराचं चुकीचं, अशी ही उलटी गंगा आहे.

पण नावं सार्वजनिक असतात, मग ती वापरायला बंदी कशी? या प्रश्नाला न्यायालयीन वळणही मिळालं आहे. डिजिटल कार्डांच्या एका वादात, रारिओ विरुद्ध स्ट्रायकर, दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये म्हटलं होतं की खेळाडूंची नावं आणि आकडेवारी यासारखी सर्वांसाठी खुली असलेली माहिती वापरली म्हणून लगेच हक्कभंग होत नाही. पण तो निकाल अंतरिम मनाई नाकारणारा होता आणि वाद कार्डांवरचा होता. खेळाडूचा हुबेहूब चेहरा, चालण्याची लकब, बॅट धरण्याची पद्धत उभी करणारा गेम त्यात बसेल असं गृहीत धरून कोणतीही कंपनी न्यायालयाच्या पायऱ्या चढायला तयार होत नाही. अक्षर बदलणं स्वस्त पडतं.

फुकट म्हणजे किती फुकट?

गेम डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत. मग कंपनी जगते कशावर? जाहिरातींवर आणि गेमच्या आतल्या खरेदीवर. नवी स्पर्धा, नवं साहित्य, खेळाडूची वाढलेली क्षमता यासाठी गेममधलं चलन लागतं. ते खेळून मिळतं, जाहिरात बघून मिळतं किंवा पैसे देऊन. पहिल्या आठवड्यात खेळून मिळणारं चलन पुरतं, मग पुरेनासं होतं. फुकट गेमचं जगभरातलं गणित हेच आहे आणि रिअल क्रिकेट त्याला अपवाद नाही. स्वतःपुरता एकट्याने खेळत असाल तर पैसे न घालताही भरपूर खेळता येतं. समोरासमोरच्या स्पर्धेत मात्र पैसे घातलेला पुढे जातो, आणि 'रिअल' या शब्दाला तिथे जरा ठेच लागते.

अनेक पालक याची गल्लत ड्रीम११ सारख्या खेळांशी करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे गेम बंद केले. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या त्या यामुळेच. रिअल क्रिकेटमध्ये घातलेले पैसे परत जिंकता येत नाहीत, ती वस्तूची खरेदी असते. त्यामुळे तो या बंदीत येत नाही. पण म्हणजे खिसा सुरक्षित आहे असं नाही. घरात मुलं फोन वापरत असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय सुरू करावी. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परताव्याची विनंती करावी. ती मंजूर होईलच याची खात्री नसते, पण उशीर केला तर शक्यता आणखी कमी होते.

खेळताना चेंडू झटके मारत येत असेल तर आधी ग्राफिक्सची पातळी कमी करून बघावी. चित्र थोडं साधं दिसेल, पण टायमिंग जमू लागेल, आणि या गेममध्ये टायमिंगच सगळं आहे. ऑनलाइन सामना शक्यतो वायफायवर खेळावा.

आता मालक क्राफ्टन आहे. या कंपनीला भारतातले चढ-उतार चांगले माहीत आहेत. २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१ मध्ये तिने बीजीएमआय आणला, २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला आणि २०२३ मध्ये परतला. तिच्या पैशातून सर्व्हर सुधारतील, खेळाडूंच्या हालचाली आणखी खऱ्या होतील, करारही वाढतील. भारतीय संघाची खरी नावं मात्र तेव्हाच येतील, जेव्हा भारतात सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या वतीने सही करायला कुणीतरी एक असेल. ते क्राफ्टनच्या हातात नाही आणि पुण्यातल्या स्टुडिओच्या तर नाहीच.